सुधीर कर्णिकांचा फुटलेला पेपर

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट.

पेन्सिल, होडी, जांभूळ.

श्रावण नव्हे. ऑगस्ट म्हणायचं.

कागद उजव्या हातात घ्यायचा, मधोमध दुमडायचा, मांडीवर ठेवायचा. खिशात घालायचा नाही.

"आपण कुठे आहोत?" याचं उत्तर "देवाच्या दारात" असं नाही.

पंतप्रधानांचं नाव आदल्या दिवशीच्या बातम्या बघून नक्की करायचं.

सुरमईचा विषय काढायचा नाही.

*

हे सगळं सुधीर कर्णिकांच्या डोक्यात एकमेकांना कोपराने ढकलत बसलं होतं आणि समोर वैजयंतीबाई लाकडी पट्टी घेऊन उभ्या होत्या. ठिकाण नेरूळ, कर्णिकांचा हॉल. टीपॉयवर पाटी, खडू आणि ताकाचा पेला. पट्टी मारण्यासाठी नव्हती. पण शेजारच्या वैजयंतीबाई दहावीच्या मुलांचे क्लास घेत आल्या होत्या आणि पट्टीशिवाय त्यांच्या तोंडून शिकवणं निघतच नसे.

"कर्णिक, लक्ष कुठाय? होडीनंतर काय?"

"धक्का," सुधीर म्हणाले.

"जांभूळ! होडीत बसलेला माणूस जांभूळ खातोय आणि त्याच्या हातात पेन्सिल आहे. असं चित्र डोळ्यांपुढे आणायचं."

सुधीरनी चित्र डोळ्यांपुढे आणलं. होडी आली, माणूस आला, त्याचे ओठही जांभळे झाले. आता या माणसाचं करायचं काय, ते मात्र त्यांना कळेना.

"अहो, जरा मनावर घ्या ना," स्वयंपाकघराच्या दारातून अरुणाताई म्हणाल्या. बायकोच्या आवाजात जे होतं ते सुधीरना एवढ्या धुक्यातूनही ऐकू आलं. म्हणून ते म्हणाले, "जांभूळ."

"शाब्बास," वैजयंतीबाई म्हणाल्या. "ताक प्या."

*

वर्ष अठ्ठ्याण्णव. सुधीर कर्णिक त्रेसष्ट वर्षांचे, निवृत्त ड्राफ्ट्समन. खाडीच्या या बाजूला भातखाचरं आणि मिठागरं होती तेव्हापासून ते टेबलावर वाकून नव्या शहराचे नकाशे काढत आले होते. दारूच्या थेंबाला शिवलेले नव्हते. पण कधीकाळच्या काविळीचा विषाणू आत बिऱ्हाड करून राहिला होता आणि भाडं न देता यकृत वाळवत बसला होता. आधी पाय सुजले, मग पोट फुगलं, आणि एके दिवशी जेवताना ते पापडाला ट्रेसिंग पेपर म्हणाले.

यकृत बिघडलं तर डोकं का बिघडावं, हे अरुणाताईंनी वाशीच्या डॉक्टर क्षिप्रा तेलंगांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"यकृत म्हणजे गाळणी समजा," डॉक्टर म्हणाल्या. "गाळणी निकामी झाली की पोटात तयार होणारं विष रक्तातून थेट मेंदूकडे जातं. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, भलतंच बोलतो. हात पुढे धरायला सांगितले तर पंजे पाखरासारखे फडफडतात."

"मग गाळणी बदलायची?"

"बदलता येते हल्ली. दक्षिणेतल्या एका रुग्णालयात सुरू झालंय, तिथे मी यांचं नाव पाठवू शकते. पण साठीच्या पुढचा पेशंट घ्यायला ते का-कू करतात. त्यांना एक खात्री हवी असते. डोक्याचा गोंधळ यकृतामुळे आहे की वयामुळे? यकृतामुळे असेल तर यकृत बदलल्यावर जाईल. वयामुळे असेल तर नवं यकृत बसवूनही माणूस तसाच राहणार. मग ते दुसऱ्या कुणाला का देऊ नये, असं ते म्हणणार."

"आणि हे ठरवायचं कसं?"

"आत्ता एकदा तपासते. मग औषध सुरू करू. दीड महिन्याने पुन्हा तपासते."

वाशीहून नेरूळला पोचेपर्यंत या वाक्याचं रूप पार बदललं. घरी जे पोचलं ते असं होतं: दोन परीक्षा. एक प्रिलिम, एक फायनल. तोंडी, तीस मार्कांची. नापास झाले तर नाव पाठवणार नाहीत, आणि नाव गेलं नाही तर...

त्याच्या पुढचं वाक्य घरात कुणी बोलत नसे. पैशांची जुळवाजुळव झाली होती. आता सगळं सुधीरच्या डोक्यावर अडलं होतं, आणि तेच तर ठिकाणावर नव्हतं.

*

पेपर फोडला नंदकुमारने.

नंदकुमार हा अरुणाताईंचा धाकटा भाऊ. रबाळ्याच्या कारखान्यात खरेदी खात्यात होता, आणि जगातली कुठलीही वस्तू कुठे ना कुठे मिळतेच, यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. त्याच्या सासूबाईंना गेल्या वर्षी याच डॉक्टरांनी तपासलं होतं. विसरतात म्हणून तपासायला नेलं होतं, आणि सासूबाईंना अख्खा पेपर तोंडपाठ!

"ताई, काम झालं," चपला काढतानाच तो म्हणाला. "तारीख, वार, मजला. शंभरातून सात-सात वजा करायचे. तीन शब्द लक्षात ठेवायचे. पंतप्रधान कोण."

"पंतप्रधान शेवटी घेऊ," वैजयंतीबाई म्हणाल्या. "हल्ली सिलॅबस सारखा बदलतो."

"आणि एक चित्र आहे. पाच टोकांची चांदणी, बघून काढायची."

वैजयंतीबाई हसल्या. "ड्राफ्ट्समनला चांदणी शिकवू? चित्र ऑप्शनला टाकू."

सुधीर कोचावर बसून हे ऐकत होते. आपल्याबद्दल काहीतरी चाललं आहे आणि ते फार प्रेमाने चाललं आहे, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "सुरमई आणली का कुणी?" आणि सुरमईचा विषय बंदच करून टाकण्यात आला.

*

प्रिलिम

"हात पुढे धरा."

पंजे फडफडले. डॉक्टरांनी मान हलवून काहीतरी टिपलं.

"आज वार कोणता?"

"बुधवार. ऑगस्ट. श्रावण नाही."

"शंभरातून सात वजा करत चला."

सुधीर आगगाडीसारखे सुटले आणि पासष्टवर आल्यावरच थांबले.

"छान. आता मी तीन शब्द सांगते, नीट ऐका. पेन्सिल, होडी..."

"जांभूळ," सुधीर म्हणाले.

डॉक्टरांनी वर बघितलं.

"ते जरा उत्साही आहेत," अरुणाताई म्हणाल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग चांदणी आली. सुधीरनी पेन्सिल हातात घेतली ती मात्र रुबाबात घेतली, अंगठा आणि दोन बोटं, मनगट सैल. पण चांदणीची टोकं एकमेकांना भेटायला तयार होईनात. एक रेघ खाली गेली ती परत आलीच नाही. शेवटी कागदावर जे उमटलं ते पायाखाली आलेल्या चिंबोरीसारखं दिसत होतं.

सुधीर त्याच्याकडे बघत राहिले. हा हात आपला नाही, एवढं त्यांना त्या घटकेला लख्ख कळलं. पुढच्या घटकेला ते कळणंही विरघळून गेलं.

"चष्मा घरी राहिला," नंदकुमार घाईघाईने म्हणाला. चष्मा सुधीरच्या नाकावर होता. पण डॉक्टर तोवर बेरीज करत होत्या.

तीसपैकी सत्तावीस.

"एवढे?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या.

"हुशार होते हो पहिल्यापासून," अरुणाताई म्हणाल्या, आणि जिना उतरताना डोळे पुसत हसल्या. संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटले. वैजयंतीबाईंनी स्वतःच्या हाताने वाटले, कारण निकाल क्लासचा होता.

*

दुसऱ्या दिवशीचं सुधीरना काही आठवत नाही. ज्यांना आठवतं त्यांच्याकडून ते असं:

सकाळी ते कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले. पिशवी टाकली आणि घरी निघाले. रस्ता ओलांडला, चौक ओलांडला, सेक्टरही ओलांडला. समोर इमारत आली ती त्यांचीच होती. म्हणजे तशीच होती. तीच पिवळी, तोच जिना, त्याच सिमेंटच्या जाळ्या. एक नकाशा काढून वीस ठिकाणी बांधायचा तो जमाना होता, आणि त्या नकाशाच्या कोपऱ्यात ड्राफ्ट्समन म्हणून सही सुधीर कर्णिकांचीच होती. तिसरा मजला, उजवं दार. दार उघडं होतं. ते आत गेले आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसले.

ते घर हौसेराव जगतापांचं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्यांचा गाळा. त्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते.

मुलीकडच्यांना वाटलं: हे मुलाचे काका.

मुलाकडच्यांना वाटलं: हे मुलीचे मामा.

सुधीरना वाटलं: आज आपल्याकडे माणसं फार झाली.

त्यांना पोहे दिले, त्यांनी खाल्ले. चहा दिला, तो प्याले. मंडळी नेहमीप्रमाणे शिक्षण, पगार, गाव, भावकी असं विचारत बसली होती आणि पोरगा-पोरगी दोन टोकांना माना खाली घालून घामाघूम झाली होती. तेवढ्यात पंख्याखालून सुधीर मोठ्याने म्हणाले, "अरे, त्या दोघांना का डांबून ठेवलंय? जाऊ दे त्यांना खाडीपर्यंत फिरून. बोलतील, येतील."

मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचा मामाच म्हणतोय तर आपण कोण आडवे येणार. मुलीकडच्यांना वाटलं, वरपक्षाचा शब्द कसा मोडायचा. पोरं गेली. आली ती हसत आली. लग्न जमलं.

पाहुणे गेल्यावरही काका बसूनच राहिले, तेव्हा गोंधळ उघडा पडला. हौसेरावांनी पत्ता विचारला. तो त्यांनी अचूक सांगितला, फक्त "हाच की" असंही म्हणाले. हौसेरावांनी रिक्षा करून त्यांना घरी आणलं.

"त्यांना असे विनोद करायची सवय आहे," अरुणाताई दारातच म्हणाल्या, आणि दार लावून घेऊन नंदकुमारला फोन केला. "हे बाहेर कुणाला कळता कामा नये. कालच सत्तावीस आलेत."

सुधीरनाही कुणी काही सांगितलं नाही.

*

औषध म्हणजे पाकासारखं दाट, गोडमिट्ट काहीतरी होतं. ते पोटातलं विष रक्तात जाऊ न देता मागच्या दाराने बाहेर काढायचं, आणि ते काम फार इमानदारीने करायचं. सोसायटीत पाणी सकाळ-संध्याकाळ येई, औषधाचा परिणाम मात्र दिवसभर. घरातल्या सगळ्या बादल्या, पिंप आणि पाहुण्यांसाठी ठेवलेलं पितळी घंगाळही भरून ठेवावं लागे.

सुधीरनी कुरकुर केली, पण घेतलं.

मग एके सकाळी ते चहा पीत खिडकीकडे बघत होते.

"पडदे बदललेस?"

"गेल्या दिवाळीत," अरुणाताई म्हणाल्या, आणि मोदकाचं सारण ढवळता ढवळता थांबल्या.

"छान आहेत. निळा रंग जरा भडक आहे."

अरुणाताईंनी गॅस बंद केला. नवऱ्याने नाव ठेवल्याचा इतका आनंद त्यांना लग्नापासून झाला नव्हता.

त्यानंतर रोज थोडंथोडं उघडत गेलं. शब्द जागेवर आले. रात्री झोप लागू लागली. सुधीरनी पेपरातलं शब्दकोडं सोडवलं, नंदकुमारला त्याच्या वाढत्या पोटावरून टोमणा मारला, आणि एकदा अरुणाताईंच्या मागे उभं राहून म्हणाले, "मी फार त्रास दिला का गं?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तसे गोड होतात."

फायनल जवळ आली तशा वैजयंतीबाई पट्टी घेऊन हजर झाल्या. "कर्णिक, रिव्हिजन."

"नाही करणार."

"म्हणजे?"

"वैजयंतीबाई, माझं डोकं मला परत मिळालंय. ते लगेच ट्यूशनला नाही पाठवायचं मला."

"भाऊजी, रिस्क नको," नंदकुमार म्हणाला. "सत्तावीस पडलेत. आता कमी पडले तर केवढं टेन्शन!"

"कमी कशाला पडतील? तेव्हा धुकं होतं तरी सत्तावीस. आता तर मी शुद्धीत आहे."

यात चूक काढता येण्यासारखं काही नव्हतं. वैजयंतीबाई पट्टी घेऊन परत गेल्या, पण जाताना दारात म्हणाल्या, "ओव्हरकॉन्फिडन्स. फर्स्ट क्लासची मुलं इथंच मार खातात."

*

फायनल

"घड्याळ, चाफा, रिक्षा," डॉक्टर म्हणाल्या. "हे तीन शब्द लक्षात ठेवा. थोड्या वेळाने विचारीन."

"ठीक."

"आपण कुठल्या मजल्यावर आहोत?"

"खालचा, गाड्या लावायचा स्टिल्ट मजला धरला तर तिसरा. नाही धरला तर दुसरा."

"एकच उत्तर द्या."

"एकच देता येत नाही. बांधकामाच्या नियमात..."

डॉक्टरांनी मार्क कापला.

"नव्वदातून सात-सात वजा करत चला."

"त्र्याण्णव," सुधीर म्हणाले.

"नव्वदातून सात गेले की त्र्याण्णव?"

"छे, छे. थांबा." त्यांना घाम फुटला. त्र्याण्णव जिभेवर चुन्यासारखं लागून बसलं होतं. "त्र्याऐंशी. मग शहा... नाही, शहाऐंशी नाही."

"बरं. मघाचे तीन शब्द?"

सुधीरनी तोंड उघडलं आणि त्यातून होडी निघाली. होडीत माणूस बसला होता, जांभूळ खात होता, त्याच्या हातात पेन्सिल होती. त्याच्या मागे खूप लांब चाफा उभा राहून हात हलवताना दिसत होता, पण होडी त्याला पुढे येऊ देईना.

शेवटी चांदणी आली. ती त्यांनी पेन्सिल न उचलता काढली. पाचही टोकं जिथल्या तिथे. वर दोन टोकांमधला कोनही लिहून टाकला.

डॉक्टरांनी बेरीज केली. पुन्हा केली. तेवीस.

"कर्णिक," त्या खाली बघत म्हणाल्या, "औषध घेऊनही सत्तावीसचे तेवीस झाले. म्हणजे घसरण यकृताची नाही. वयाची आहे. मला वाईट वाटतं, पण मी खोटं लिहू शकत नाही."

अरुणाताईंनी नंदकुमारकडे बघितलं. नंदकुमारने भिंतीकडे. भिंतीवर यकृताचं रंगीत चित्र होतं, ठणठणीत माणसाचं.

डॉक्टरांनी फाइल मिटली. मग पुन्हा उघडली. चिंबोरी आणि चांदणी शेजारीशेजारी ठेवून त्या बघत राहिल्या. "एक कळत नाही मला. उत्तरं बिघडली आणि हात सुधारला. असं होत नाही. या दोन पेपरांपैकी एक खोटं बोलतोय."

खोटं कोण बोलतंय ते सुधीरना कळलं. आपण गप्प राहिलो तर नाव जाणार नाही. बोललो तर बाई चिडून फाइलच बाहेर फेकतील, म्हणजे तेव्हाही नाव जाणार नाही. पण आज डोकं आपलं होतं, आणि आपल्या डोक्याने गप्प बसायचं हे त्यांना जड जाऊ लागलं.

"डॉक्टर, पहिला पेपर फुटला होता."

अरुणाताईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. चिमटा पोचला, पण उशिरा. सुधीरनी पाटी, पट्टी, ताक, होडीतला माणूस, सगळं सांगितलं.

दार ढकलून वैजयंतीबाई आत आल्या. निकालाच्या दिवशी त्या कुठल्याही दारापासून लांब राहू शकत नसत. "त्याला पेपर फुटणं नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "संभाव्य प्रश्न म्हणतात."

"अहो बाई," डॉक्टर उभ्या राहिल्या, "मला पहिल्या वेळी ते नापास झालेले हवे होते!"

"नापास?" आजवर कुणी हा शब्द इतक्या तळमळीने मागितलेला वैजयंतीबाईंनी ऐकला नव्हता.

"आधी कमी आणि औषधानंतर जास्त आले, म्हणजे दोष यकृताचा. एवढंच मला दाखवायचं होतं. तुम्ही त्यांना हुशार करता करता म्हातारं करून टाकलंत!"

सगळे एकदम बोलू लागले.

"देवघरातली घंटा वाजवून म्हणायचे, दार उघड, कुणी आलंय!" अरुणाताई म्हणाल्या.

"मला दोन महिने साहेब म्हणत होते! साइटवर जीप लागेल का विचारायचे!" नंदकुमार म्हणाला.

"पाटीवर जांभळाचं स्पेलिंग लिहा म्हटलं तर त्यांनी पाटी धुऊन वाळत घातली!" वैजयंतीबाई म्हणाल्या.

"हे मी केलंच नाही," सुधीर म्हणाले.

"केलंत!" तिघं म्हणाली.

डॉक्टरांनी हात वर केला. "तेव्हा तुम्ही सांगत होता, ते हुशार आहेत. आता सांगताय, वेडे होते. त्यांचं नाव जावं म्हणून तुम्ही काहीही सांगाल. तुमच्या जागी मीही सांगितलं असतं. पण माझ्या सहीखाली ते कसं घालू? त्या दिवसांत त्यांना घराबाहेरच्या कुणी बघितलंय?"

अरुणाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आहे एक जण," त्या म्हणाल्या.

"कोण?" हे डॉक्टरांनी विचारलं, आणि सुधीरनीही.

*

मार्केट जवळच होतं. नंदकुमारने गाळ्यावर फोन केला आणि हौसेराव टोपी सावरत आले. हातात कांद्यांची पिशवी. रिकाम्या हाताने दवाखान्यात जायचं नसतं.

"काका!" सुधीरना बघताच ते वाकून पायाच पडले. "मॅडम, ह्या मानसानं माझ्या पोरीचं लगीन जमीवलं."

सुधीरनी आयुष्यात प्रथमच बघितलेल्या या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "हे तुमच्याकडे आले ती तारीख नक्की आठवते?"

"न आठवून कसं चालंल? पोरीला बघायला आल्यालं त्या दिशी."

तारीख पहिल्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशीची होती. डॉक्टर पुढे सरकल्या. "मग सांगा. ते गोंधळलेले वाटले? वेड्यासारखं काही बोलले?"

"वेड्यासारखं?" हौसेरावांना राग आला. "अवो, लई शाना मानूस! सगळ्या बैठकीत येकच बोलले आन् लाखाचं बोलले!" त्यांनी खाडीची हकिगत सांगितली.

अरुणाताईंनी कपाळाला हात लावला. नंदकुमार हळूच हौसेरावांची बाही ओढू लागला. "हौसेराव, तसं नाही. नीट आठवा ना. थोडं तरी?"

"मी खोटं बोलनार न्हाई. ज्यांनी माझं भलं केलं त्यास्नी येडं म्हनू?"

"हौसेराव," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही त्यांना वेडं म्हणालात तर ते वाचतील."

हौसेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सुधीरकडे बघितलं. परवानगी मागत होते.

"बोला," सुधीर म्हणाले. "मलाही ऐकू दे."

"म्हंजी... मला पुऱ्या टायमाला नंदू म्हनत व्हते. म्हनले, नंदू, पोट कमी कर."

"ते तर ते शुद्धीतही म्हणतात," नंदकुमार म्हणाला.

"चहात पोहे घालून खाल्ले. नवऱ्या मुलाच्या बापाला म्हनले, प्लंबर लवकर आलास. त्येला वाटलं मस्करी, हसला बिचारा." हौसेराव आता थांबेनात. "आन् मग आत गेले, आमच्या मंडळीला म्हनले, अरुणा, माझी लुंगी कुठाय? ती घाबारली. पन पावना वरपक्षाचा, नाराज कसा करायचा? तिनं माझी दिली. निसून बसले की वो, पंख्याखाली!"

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग वैजयंतीबाई हसल्या, आणि त्या हसल्या म्हटल्यावर आवरायचं कुणीच मनावर घेतलं नाही. सुधीर सगळ्यांत शेवटी हसले. त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. दोघांना खाडीवर जाऊ द्या, हे आपण शुद्धीत कधी म्हणालो असतो का? मुळीच नाही. लोकांच्या घरात आपण कशाला बोला, असं म्हणून पोहे खाल्ले असते आणि उठलो असतो.

"लुंगी परत केली ना मी?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," हौसेराव म्हणाले. "पन असूं द्या."

डॉक्टरांनी पत्र तिथेच लिहिलं आणि वाचून दाखवलं. वय त्रेसष्ट. गोंधळ यकृताचा, औषधाने निवळणारा, त्रयस्थ माणसाने पाहिलेला. दोन्ही चित्रं सोबत जोडली आहेत. पहिल्या तपासणीचे गुण घरच्यांच्या अतिप्रेमामुळे ग्राह्य धरू नयेत.

"आणि बाई, तुम्ही," त्या वैजयंतीबाईंना म्हणाल्या, "त्यांना तिकडे बोलावतील तेव्हा गाडीत बसायचं नाही."

"पण तिथले प्रश्न वेगळे असतील," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितल्यावर कांद्यांची पिशवी उचलून जिना उतरू लागल्या.

खाली रिक्षा बघत सगळे उभे होते. ऊन उतरलं होतं, खाडीकडून वारा येत होता. अरुणाताईंनी सुधीरचा हात धरला होता आणि तो हात अगदी निवांत होता.

"लगनाला यायचं," हौसेराव म्हणाले. "मार्गशीर्षात हाय. ह्या टायमाला आवतन देऊन बोलावतोय."

"येणार. पण मी बसू कुठल्या बाजूला? मुलाच्या की मुलीच्या?"

"काका, कुठल्याबी बसा की! दोनी बाजू तुमच्याच हायेत."

"आणि जेवायला सुरमई नसणार," सुधीर म्हणाले.

"लगनात सुरमई?" हौसेराव घाबरून डॉक्टरांच्या खिडकीकडे बघू लागले. "मॅडमला बोलावू का पुन्ना?"

यकृत पुढच्या मार्चमध्ये मिळालं. ते एका बसकंडक्टरचं होतं.